दादाचं गोंदण

गोंदण धुवायचं काम माझ्याकडे आलं ते घरात रिकामी मीच होते म्हणून. मुरब्याला आमचं घर खाडीच्या अंगाला होतं. मी चार वर्षांची असताना वडील तापाने गेले. आई सुक्या मासळीची पाटी घेऊन सकाळीच पालघरच्या बाजाराला निघायची आणि दिवस कलल्यावर परतायची. पावसाळा असल्यामुळे होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या, आणि दादा उजवा हात मांडीवर घेऊन ओटीवर बसलेला असायचा. तो अठरा वर्षांचा होता, मी तेरा. तारापूरला वीजघराचं काम निघालं त्याच्या थोडी आधीची ही गोष्ट.

हातावर गोंदवायचं हा आईचा हट्ट. पोरीबाळींना गोंदायची रीत सगळीकडेच होती, पण दादाच्या गोंदणाचं कारण वेगळं होतं. त्या उन्हाळ्यात आई माहेरी, एडवणला गेली असताना तिथल्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं. तोंड माशांनी खाल्लेलं. ज्यांचे मुलगे दर्यावरून परतले नव्हते अशा दोन गावच्या दोन आया आल्या. पहिली म्हणाली माझाच, मग म्हणाली माझा नाही. दुसरीचंही तेच. शेवटी दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि गावकऱ्यांनी त्याला अग्नी दिला. आई हे सगळं बघून आली. दोन दिवस ती नीट जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी काकांना सांगून आली की पोरगा यंदा तुमच्या होडीवर येईल, पण हातावर नाव आणि गाव लिहूनच येईल.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते होडीचे तांडेल होते, म्हणजे होडीवर शब्द त्यांचाच. त्यांच्या होडीवर खलाशाची जागा मिळावी म्हणून दादा दोन वर्षं थांबला होता. किनाऱ्यावर जाळी वाळवून आणि बोंबील टांगून त्याचा जीव विटला होता. आता तो खुशीत होता, आणि आईच्याही जिवात जीव आला होता. ते न बघितलेलं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं ते एकट्या माझ्याच. आईचा मला भयंकर राग आला होता, अजूनही येतो. तिने पोराला मेल्यावर ओळखायची सोय केली होती. मला तो जिवंत हवा होता, आणि हे मोठ्यांपुढे बोलायची माझी टाप नव्हती.

गोंदणारी बाई श्रावणात आली. ती खरं तर आमच्याकडे थंडीतच यायची, त्या वर्षी आईने बाजारातून निरोप धाडून बोलावली. आल्या आल्या ती म्हणाली की पावसात गोंदू नये, जखम वाळत नाही, दिवाळी सरल्यावर येते. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की आमच्या होड्या सुटतात, आणि पौर्णिमेला तेरा दिवस उरले होते. आई ऐकेना. शेवटी त्या बाईने काजळ कुठल्याशा पाल्याच्या रसात कालवलं, तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधल्या आणि मला पुढे केलं. तिला अक्षर येत नव्हतं. मी सहावीत होते, माझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं. दादाच्या हाताच्या आतल्या बाजूला मी शाईने त्याचं नाव लिहिलं आणि खाली गावाचं.

"मास्तरीणबाय, काना नीट दे," दादा हसत म्हणाला. "नायतर कोन भलताच समजून जालतील मना."

आई तिथून उठून आत गेली. बाई माझ्या अक्षरांवरून सुया टोचत गेली, आणि दादा शेवटपर्यंत हसतच होता, फक्त त्याचे पाय थांबत नव्हते.

काळजी कशी घ्यायची ते तिने मला बसवून समजावलं. कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळायचं, कोमट झालं की सकाळ-संध्याकाळ त्याने धुवायचं, घासायचं नाही, नुसती धार सोडायची. मऊ धुवट कापडाने टिपायचं. वर खोबरेलात कालवलेली हळद. खपली आली की तिला नख लावायचं नाही, ती आपली आपण पडते. आणि खपली पडेपर्यंत खाऱ्या पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

पहिले चार दिवस मी हे सगळं देवाचं करावं तसं केलं. पाचव्या दिवशी सूज उतरली, अक्षरांवर बारीक काळपट खपली धरली. त्याच दिवशी काका हात बघायला आले. त्यांनी तो उजेडाकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, चांगला सुकतोय. मग दादाला बजावलं, "पुनवेला खपली पडलेली पायजे. वला हात घेऊन मी कोनाला नेत नाय. खाऱ्या पान्यान सडतो."

खपली पडली नाही, तर नेणार नाहीत. एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मी जे केलं ते समजून-उमजून केलं, लहान होते वगैरे सबब मला सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेल्यावर मी कडुनिंबाचं पाणी परसात ओतून दिलं. तांब्या घेऊन खाडीवर गेले. तिथे होड्या लावतात, मासळी धुतात, सगळ्या गावाची घाण तिथेच उतरते. ते पाणी भरून आणलं. पावसाने खाडी गोडसर झाली होती, म्हणून त्यात मासळीचं जाडं मीठ मूठभर टाकलं. वास येऊ नये म्हणून वर निंबाची चार पानं. दादाच्या हातावर धार सोडली तसा त्याने श्वास आत ओढला.

"आज लय झोंबते."

मी म्हटलं, पाला जास्त पडला. त्याने मान हलवली. तो माझ्यावर विश्वास टाकून दुसरीकडे बघत बसला आणि मी टिपता टिपता नखाने खपलीची कड उचलली.

असं मी तीन दिवस केलं, दोन्ही वेळा. मला फक्त चार-सहा दिवसांचा उशीर हवा होता. होडी त्याच्यावाचून जाईल, जागा दुसऱ्याला मिळेल, दादा चिडेल, पुढच्या वर्षी बघू. एवढाच माझा हिशेब होता. चौथ्या दिवशी सकाळी मी हात हातात घेतला आणि तो गरम लागला. भाकरीच्या तव्यावरून नुकता उचललेला असावा तसा. अक्षरांच्या कडेने पिवळं दाटलं होतं. दुपारी त्याला हुडहुडी भरली. काखेत अवधाणाची गाठ आली, लिंबाएवढी, हात खाली घेववेना.

तेव्हापासून मी खरं धुवायला लागले. सकाळ-संध्याकाळ नाही, घटकेघटकेला. विहिरीचं पाणी आणून उकळायचं, थंड होईतो वारा घालायचा, धार सोडायची, टिपायचं, परत चूल पेटवायची. परसातल्या निंबाची खालची फांदी मी ओरबाडून बोडकी केली. जे मी आत घातलं होतं ते धुऊन बाहेर काढायचं होतं, आणि ते निघत नव्हतं. पाणी ओतताना मी मनात एकवीरेला सांगत होते की माझा हात घे, दोन्ही घे. आईने बाजार सोडला. ती पोटीस बांधायची, हळद भरायची, आणि माझी धडपड बघून शेजारणींना सांगायची की भावासाठी पोरगी कशी जीव टाकते. ते ऐकून मला चुलीत डोकं घालावंसं वाटायचं.

पौर्णिमेला गावाने नारळ वाहिला. होड्या सुटल्या तेव्हा दादाला शुद्ध नव्हती. काकांनी दादाच्या जागी शेजारच्या आळीतला मुलगा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटापासून खांद्यापर्यंत एक लाल रेघ चढलेली दिसली. ती बघून एक म्हातारा म्हणाला, आता घरी ठेवू नका.

चौघांनी त्याला घोंगडीत घालून तरीच्या होडीवर नेलं. खाडी ओलांडून सातपाटी, तिथून एसटीने पालघर. बसमध्ये त्याचं डोकं आईच्या मांडीवर आणि हात माझ्या. मी तो हात जराही हलू न देता बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला तो कण्हत होता. मला सारखं वाटत होतं की आता ओरडून सांगावं, म्हणजे काहीतरी होईल, निदान बस तरी जोरात जाईल. मी नुसता त्याचा हात धरून राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात दोन ठिकाणी चिरला. निघालं ते मी इथे लिहीत नाही. इंजेक्शनं दिली. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं की घरी जखम कशाने धुवत होता.

"कडुनिंबाच्या उकळल्या पान्यान," आई म्हणाली. तिने मला खांद्याला धरून पुढे ओढलं. "माज्या या पोरीनं धुतली, दोन्ही टाइम. कंदी चुकली नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. म्हणाले, धुतलं म्हणून हात तरी राहील. आणि मग गोंदणाची हकीकत आईच्या तोंडून ऐकून सगळा राग तिच्यावर काढला. भर पावसात पोराला सुया टोचून घ्यायला कोणी सांगितलं होतं, बाईने नको म्हटलं होतं तरी तुम्ही ऐकलं नाही, तुमच्यासारख्या आयाच पोरांचा घात करतात. आईने पदर तोंडाशी धरला. मी तिच्या शेजारी उभी होते, आणि मी खरं सांगितलं नाही.

दादा वाचला. महिन्याने घरी आला तेव्हा हाताच्या आतल्या बाजूला माझं एक अक्षर धड राहिलं नव्हतं, नुसती ओढलेली, चकाकती कातडी. आणि बोटं मिटत नव्हती. अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं हलायचं, बाकीची तीन अर्धी वाकून तशीच राहिली. अशा हातात जाळ्याची दोरी राहत नाही. काकांनी येऊन ती बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी आईने देवापुढे शपथ घेतली की माझ्या हट्टाने पोराचा हात गेला, त्याची मूठ मिटेपर्यंत मी मासळी तोंडात घालणार नाही. कोळ्याच्या घरातली बाई, दिवसभर मासळी विकणारी, हात-लुगड्याला तिचाच वास. ती आम्हाला कालवण रांधून वाढायची आणि स्वतः भातावर मीठ-पाणी घेऊन बसायची.

काकांची होडी त्या खेपेला भरून आली. पुढच्याही खेपेला आली. मी दरवेळी किनाऱ्यावर जाऊन बघायचे, आणि लिहायला लाज वाटते, पण ती बुडावी असं मला वाटायचं. मग मी केलं ते बरोबर ठरलं असतं. ती कधीच बुडाली नाही. दादाच्या जागी गेलेला मुलगा पुढे स्वतः तांडेल झाला.

तारापूरला वीजघराचं काम लागलं तेव्हा बोईसरकडे देशभरची माणसं आली. दादाला तिथे कामगारांना पाणी पाजायचं काम मिळालं. डावीकडे बादली, उजव्या हाताच्या दोन बोटांत तोटीचं भांडं. हिंदी बोलणारे गडी त्याच्या हातावरून त्याला जी हाक मारायचे ती त्याने मला हसत हसत सांगितली होती. दर्यावर जायला निघालेला माणूस उन्हात पाणी वाटत हिंडत होता.

माझं लग्न उमरोळीला ठरलं त्या आठवड्यात, एका दुपारी, मी त्याला सगळं सांगितलं. आई बाजारात होती. तो ओटीवर बसून जाळ्याचा गुंता सोडवत होता, एक टोक दातात धरून. मी खाडी सांगितली, मीठ सांगितलं, नख सांगितलं. त्याने दातातलं टोक खाली ठेवलं. मग तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं तो मारेल, आणि मारावं असंच मला वाटत होतं.

"आयला सांग," तो म्हणाला.

मी रडायला लागले. म्हटलं, ती मला घरात घेणार नाही.

"मी तुला कायबी बोलत नाय, बाय. कंदी बोलनार नाय. पन तिला सांग. ती मासली खात नाय माज्यापायी."

मी हो म्हटलं. त्याने जाळं परत उचललं आणि त्या विषयावर तो आयुष्यात पुन्हा बोलला नाही.

आई त्यानंतर चौदा वर्षं जगली. मी उमरोळीहून माहेरी यायचे ते दरवेळी सांगायचं ठरवून. ती उंबऱ्यात दिसली की मी मुलांना पुढे करायचे. ती माझ्यासाठी ओले बोंबील करायची, काटे काढून मुलांच्या ताटात घालायची, आणि स्वतःचा भात घेऊन भिंतीशी बसायची. दादा माझ्याकडे बघायचा. मी जेवायचे.

शेवटच्या आजारात तिला अन्न जाईना. शेजारणीने पेजेबरोबर सुकटीचा घास कालवून तिच्या तोंडाशी नेला, म्हणाली आता कसली शपथ, थोडं खा. आईने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. मी तिच्या उशाशी बसले होते. तेव्हाही मी सांगितलं नाही.