चौदाव्या प्रकरणातले सव्वीस ‘तू’

माझी मावशी सकाळी साडेसहा ते साडेआठ प्रेमाच्या गोष्टी लिहिते आणि दहाला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. प्रेमाच्या म्हणजे जरा जास्तच प्रेमाच्या. एकाच जोडप्यावर तिची बारा पुस्तकं निघाली आहेत आणि लोक ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेतात. वर नाव तिचं नाही, प्रकाशकांनी ठेवलेलं आहे. दुकानाच्या मालकीणबाई ती पुस्तकं गल्ल्याखाली ठेवून वाचतात आणि मावशीलाच ऐकवतात, की ही लेखिका चांगलीच चालू असणार. मावशी म्हणते, असेलही.

मी टायपिंगची कामं घेते, म्हणून तिच्या वह्या माझ्याकडे येतात. मी टाइप केलेले कागद काकांकडे जातात. काका म्हणजे तिचा नवरा. चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते. आता निवृत्त आहेत, पण लाल पेन निवृत्त झालेलं नाही. दुधाच्या पिशवीवरचा ऱ्हस्व-दीर्घही त्यांच्या हातून सुटत नाही.

लोकांना वाटतं, असलं लिहिणारी बाई लोडाला टेकून, डोळे मिटून लिहीत असेल. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठीला उशी लावून बसते आणि आधी फुटपट्टीनं समास आखते. मग जो प्रसंग लिहायचा त्यात कुणाचा कुठला हात कुठे आहे, ते बाजूच्या पानावर टिपून ठेवते. अडलं की मला बोलावते. मला भिंतीला टेकवून उभी करते, माझ्या खांद्यावर तळहात ठेवते आणि विचारते, माझा हात इथे असला तर तुला दिव्याचं बटण दाबता येईल का? नाही म्हटलं, की त्या दोघांना दिवा चालू ठेवूनच पुढचं सगळं करावं लागतं.

तिची खरी अडचण भाषेची. मानेच्या खाली उतरलं की पंचाईत होते, असं ती म्हणते. एक शब्द डॉक्टरांचा, दुसरा संस्कृतच्या सरांचा आणि तिसरा भांडणातला. प्रेमात पडलेल्या बाईनं बोलायचं तरी कशात? शेवटी तिनं शरीराचे शब्द सोडले आणि वस्तूंचे धरले. बटण, हूक, नाडी, ओला टॉवेल. सातव्या पुस्तकात नायक अडीच पानं नुसतं तिच्या मनगटावरचं घड्याळ काढतो आहे. ते टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायले.

हे सगळं तिला दुकानातून मिळतं. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर जावं लागतं. काडी कानामागे नीट बसवताना बहुतेक माणसं श्वास रोखतात. काहींना तिथे वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो आणि ते बोटांना लगेच कळतं, असं मावशी सांगते. एकदा मी थट्टेत विचारलं, की काकांचा चष्मा कोण बसवतं? तर म्हणाली, “मीच. ते श्वास रोखत नाहीत. अनुस्वार राहिलाय का ते बघत असतात.” आणि हसली. तिच्या हसण्यानं मला कधीकधी फार वाईट वाटतं.

तर काका. बायकोनं लिहिलेला असा मजकूर हातात आला, तर दुसरा एखादा नवरा लाजेल, चिडेल, नाहीतर दार लोटून घेईल. काका समासात लिहितात: “मिठीत — ठी दीर्घ.” “मागच्या पानावर दिवा मालवला आहे. मग तिला तीळ दिसला कसा?” पाचव्या पुस्तकात नायकाच्या उजव्या खांद्यावर तीळ होता, तो त्यांनी खोडून डाव्या खांद्यावर नेला, खुलासा म्हणून पहिल्या पुस्तकातला पृष्ठ क्रमांक दिला. काका घरात बनियनवर असतात. तो तीळ मी लहानपणापासून पाहते आहे. डाव्याच खांद्यावर आहे.

मला या दोघांचा मनापासून राग येतो, तो यासाठी. बारा पुस्तकं म्हणजे या बाईनं नवऱ्याला लिहिलेलं एकच पत्र आहे, आणि हा गृहस्थ त्यातल्या वेलांट्या तपासतो.

पुस्तकातली नायिका नकाशे काढते, नायक पूल बांधतो. दर पुस्तकाच्या शेवटी दोघांची ताटातूट, पुढच्यात पुन्हा गाठ. तो तिला दुसऱ्या पुस्तकापासून ‘तू’ म्हणतो. ती मात्र ‘तुम्ही’च्या खाली उतरलेली नाही. ‘तुम्ही’ म्हणत म्हणत ती काय काय करते ते मी इथे सांगत नाही, पण व्याकरण सांभाळून करते. वाचकांची पत्रं येतात, की बाई, आता तरी तिला त्याला अरे-तुरे करू द्या.

मावशीही काकांना ‘अहो’ म्हणते. त्याचं मूळ तिनं मला एकदाच सांगितलं. लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी, घरात सगळे बसलेले असताना ती सहज म्हणाली, “तू पाणी घेतोस का?” सासू, दीर, नणंदा सगळे हसले. काका संध्याकाळी हळूच म्हणाले, “चारचौघांत नको.” आणि त्या घरात चारचौघं नाहीत असा दिवस पुढची पंचवीस वर्षं उगवला नाही. सासू होती, दीर होते, मग मुलं झाली. घर रिकामं झालं तेव्हा जिभेला वळण पडून गेलं होतं. मी माझ्या नवऱ्याला ‘अरे’ म्हणते, ‘ए’ म्हणते, चिडले की त्याहून पुढचंही म्हणते. मला त्या एका अक्षराचं कधी काही वाटलं नाही. मावशीला एकतीस वर्षं तेवढंच हवं आहे.

बाराव्या पुस्तकाची वही देताना ती म्हणाली, “चौदाव्या प्रकरणात म्हणायला लावलंय तिला.” मी विचारलं, कुणाला काय? तर म्हणाली, “बघू त्यांना कळतंय का.”

मी ते प्रकरण टाइप केलं. इतकं सुंदर तिनं कधी लिहिलेलं नाही. पुलाचं काम बंद पडलंय, तो पायऱ्यांवर हताश बसलाय आणि ती त्याच्या बुटांची नाडी सोडता सोडता म्हणते, “तू थांब. तू कुठेही जाऊ नकोस. वेडा आहेस तू.” मी मोजले. सव्वीस ‘तू’ होते.

आठ दिवसांनी काकांकडून कागद परत आले. सव्वीसच्या सव्वीस खोडलेले. ‘थांब’चं ‘थांबा’. ‘जाऊ नकोस’चं ‘जाऊ नका’. ‘वेडा आहेस तू’ याचं, देवा, ‘वेडे आहात तुम्ही’. आणि समासात: “सर्वनाम — आधीच्या अकरा पुस्तकांशी एकवाक्यता राखावी.”

मी कागद उचलले आणि तडक चष्म्याच्या दुकानात गेले. मावशी एका आजोबांच्या काडीचा स्क्रू बसवत होती. तिनं काम पुरं केलं, आजोबांच्या कानामागे बोट फिरवून काडी टोचत नाही ना पाहिलं, मग हात पुसून कागद घेतले. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. पुढची उलटलीच नाहीत. म्हणाली, दुरुस्त्या घालून टाक. मी म्हटलं, मी घालणार नाही. ती काउंटरवरच्या आरशांची तोंडं उगाच सरळ करत राहिली.

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “एका तरी ठिकाणी पेन थांबेल त्यांचं.”

दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ती रडली नाही, एवढंच.

मी तिथून काकांकडे गेले. मोठ्यांशी वाद घालू नये वगैरे मला शिकवलेलं आहे, पण त्या दिवशी आठवलं नाही. कागद त्यांच्यापुढे आपटले आणि विचारलं, की तुम्हाला खरंच काही कळत नाही, का कळून घ्यायचं नाही? काकांनी चष्मा काढला. इतका वेळ त्यांना चष्म्याविना मी कधी पाहिलं नव्हतं.

“पहिल्या ‘तू’लाच कळलं,” ते म्हणाले.

“मग खोडलंत कशाला?”

“ते नकाशेवालीनं पूलवाल्याला म्हटलंय गं. मी त्याचं काय करू? मला म्हणायला हवं होतं तिनं.”

मी म्हटलं, मग तुम्हीच तसं सांगा तिला. त्यांनी मान हलवली. एकदा सांगून बसलोय, म्हणाले, चार शब्दही नव्हते, दोनच होते, आणि त्याचं काय झालं ते बघतोयस ना तू. आता ती म्हणेल तर आपण होऊन म्हणेल. मग माझ्याकडे बोट करून बजावलं, की तूही काही बोलायचं नाहीस. सांगितल्यावर म्हटलेलं मला नको.

बोलता बोलता त्यांनी मला ‘बघतोयस’ म्हटलं होतं, म्हणजे पुरुषासारखं. व्याकरणात काकांची चूक मी तेवढी एकदाच ऐकली. तेव्हा कळलं, की हा माणूस आतून केवढा हलला आहे.

आता मी काय करावं? एकीला सांगितलं, तर ती म्हणेल, पण ते सांगून म्हटलेलं होईल. दुसरा सांगू देत नाही. दोघं एका घरात, एका टेबलाशी जेवतात, आणि एकाच अक्षरासाठी झुरतात. मी निमूटपणे दुरुस्त्या घातल्या. पुस्तक ‘तुम्ही’सकट छापून आलं. वाचकांनी रागावून पत्रं लिहिली. प्रकाशक खूश झाले, कारण रागावलेला वाचक तेरावं पुस्तक हमखास घेतो.

छापील प्रती पोचवायला मी एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत काका दिवाणावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मावशीनं मला ओठांवर बोट ठेवून खूण केली, म्हणून मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेले. तो ठेवायला कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आरसा आहे, आणि त्या आरशातून दिवाण दिसतो, भिंतीच्या बाजूनं.

मावशी दिवाणाच्या काठावर बसली. त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. त्यांचा चष्मा उशीशी अडकला होता, तो काढून घडी करून हातात धरला. मग त्यांच्या कानामागे, काडीचा वळ उठतो तिथे, तिनं बोट टेकवलं आणि इतकं हळू म्हणाली, की मला ते अर्धं ओठांवरूनच समजलं.

“तू दमतोस रे फार. झोप तू.”

आणि मग थांबलीच नाही. तू सकाळी खोकत होतास. तू आंघोळीला गेलास की गातोस, ते मला ऐकू येतं. तुझा चहा निवतो रोज. काही खास नव्हतं त्यात. तिच्या पुस्तकात असलं एक वाक्य टिकलं नसतं.

आरशात मला काकांचा चेहरा दिसत होता. डोळे टक्क उघडे होते. ते श्वास रोखून पडले होते आणि हलत नव्हते. हलले असते, तर ती ‘अहो’ म्हणाली असती.