कोळशाच्या खुणा

चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी क्वालिटीत काढली. एका लॉटमधला एखादा पार्ट जरा वेगळा दिसला तरी माझा हात रिजेक्टच्या लाल स्टिकरकडे जायचा. ही खोड कोंबड्या घेतानाही सुटली नाही.

वडील गेल्यावर आईला मी बीडकडच्या गावाहून तळेगावला आणलं. ती दिवसभर गप्प बसायची आणि संध्याकाळी एकच विचारायची, "मला गावाला कवा सोडतूस?" तिकडे आता तिचं कोणी उरलं नव्हतं. तिचा जीव रमावा म्हणून मागच्या अंगणात कोंबड्या पाळायचं ठरवलं. निळ्या अंड्यांचे व्हिडिओ बघून मी स्वतःही वेडावलो होतो, हे कबूल करतो.

कोंबड्या विकणाऱ्याकडे आम्ही दोघं गेलो. शुद्ध जातीचं अंडं ठरलेलं, फिकट निळं. मिश्र जातीचं मात्र हिरवट, शेवाळी, तपकिरी, नशिबात असेल ते. मी अर्थातच शुद्ध निवडल्या. आई एका करड्या मिश्र कोंबडीपाशी बसकण मारून बसली. "ही घे. ही खुडूक बसंल, पिल्लं काढंल. तुझ्या त्या नुसत्या अंडी घालून मोकळ्या व्हत्याल." वाद नको म्हणून करडीही घेतली, सोबत एक गावरान कोंबडा.

आईचं खरं झालं. दोनेक महिन्यांत करडी टोपलीत ठाण मांडून बसली. आईने तिच्याखाली नऊ निळी अंडी ठेवली आणि म्हणाली, "पिल्लं निघूस्तवर मी हाय. मग मला यष्टीत बसवून दे." मी हो म्हणालो.

आठव्या दिवशी करडी दाणे टिपायला उठली तेव्हा मी टोपलीत डोकावलो. इतक्या सुंदर अंड्यांवर काळे डाग! ओलं फडकं आणून एकूण एक अंडं लख्ख पुसलं. आईने कपाळावर हात मारला. "आरं, कोळशाच्या खुणा व्हत्या त्या!" बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत अंडी घालायच्या, खूण नसलेलं ताजं अंडं आई रोज काढून घ्यायची. आता त्या दिवशीची तीन ताजी धरून बाराही अंडी एकसारखी दिसत होती, अगदी मला आवडतात तशी.

आईने मला बाथरूममध्ये नेलं, दार लावून दिवा बंद केला. मोतीबिंदूमुळे तिला अंड्याच्या आतलं बारीक काही दिसत नव्हतं. मोबाइलच्या टॉर्चवर मी एकेक अंडं धरायचो, ती विचारायची.

"आत काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"मग त्ये खायाचं."

चौथ्या अंड्यात लाल धाग्यांचं जाळं होतं आणि मधे एक ठिपका. ठिपका हलला.

"आई, हललं गं!" मी ओरडलोच. आणि ती हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले. अंधार होता ते बरं.

सात पिल्लं निघाली. यष्टीचं नाव मी काढलं नाही. "माद्या अंड्यावर आल्या की बघू," एवढंच आई म्हणाली. मग त्यांची पिल्लं, मग त्यांची. गेल्या वर्षी ती गेली, ती याच घरातून.

परवा त्या विकणाऱ्याचा फोन आला, शुद्ध जातीच्या आल्यात म्हणून. मी नको म्हणालो. करडीने उबवलेल्या त्या पिल्लांच्या वंशातली एक सध्या खुडूक बसली आहे. तिच्याखालची अंडी हिरवी, शेवाळी, तपकिरी. एकासारखं दुसरं नाही. नवं अंडं आलं तर लगेच कळेल, खुणेची गरजच नाही. तरी मी सकाळी कोळसा शोधून आणला आणि प्रत्येक अंड्यावर खूण केली.