सुतकातलं व्याख्यान

मंगळवारी वडील वारले. ताईचा फोन आला तेव्हा मी कतारमध्ये, दुखानला कंपनीच्या ऑफिसात होतो. ती म्हणाली, "बाबा गेले. तू कधी पोचतोस?" मी म्हणालो, "बघतो." दुपारी तिला कळवलं की दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाऊन चालू आहे, रजा मिळत नाही. संध्याकाळी तिने अग्नी दिला.

शटडाऊन चालू होतं हे खरं. रजा मी मागितली नव्हती.

यामागचं कारण कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली. त्याच आठवड्यात शुक्रवारी दोह्यात, मदिनत खलीफा भागातल्या एका कुटुंबाकडे आमच्या मराठी वाचक मंडळाची बैठक होती आणि तिथे माझं व्याख्यान होतं. विषय होता एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये झालेलं एक धार्मिक बंड आणि त्यातले दोन्ही बाजूंचे पुढारी. आठ वर्षं मी त्या मंडळात मागच्या खुर्चीवर बसून इतरांचं ऐकलं होतं. मला पहिल्यांदाच कोणी बोलायला सांगितलं होतं. विमानात जागा होत्या. मी पाहिल्या होत्या. बाबांना व्याख्यानाचं माहीत होतं. "मुद्दे कमी ठेव," एवढंच ते म्हणाले होते. मी थांबलो तर त्यांना आवडलंच असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तीही खोटी होती.

पुढचे तीन दिवस मी कोणालाही काही सांगितलं नाही. दिवसा ईमेल लिहिले, खोलीवर येऊन टिपणं काढली. बंडाचा मुख्य पुढारी हा सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला खेड्यातला मास्तर. आजारपणात त्याला दृष्टान्त झाले आणि आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत अशी त्याची खात्री पटली. त्याच्या राज्यात मेलेल्या माणसासाठी रडायला मनाई होती. माणूस स्वर्गात गेला, आनंद माना, असा नियम. समोरच्या बाजूला एक विद्वान अधिकारी. तिकडच्या रिवाजाप्रमाणे आईबाप गेले की नोकरी सोडून दोन वर्षांहून अधिक सुतक पाळायचं. तो आईच्या सुतकात घरी बसलेला असताना बादशहाचा हुकूम आला, फौज उभी कर. तो आधी नाही म्हणाला, मग उठला. हा प्रसंग मला फार सोयीचा होता. मी त्याखाली दोनदा रेघ मारली.

शुक्रवारी यजमानीण काकूंनी सरस्वतीच्या तसबिरीपुढे समई मांडून ठेवली होती. "दिवा वक्त्यानेच लावायचा हं," त्या म्हणाल्या. सुतकात देवाला हात लावत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी काडेपेटी घेऊन तसाच उभा राहिलो.

"काय हो, भाषण विसरलात की काय?" यजमान काका म्हणाले. सगळे हसले. मी समई लावली.

व्याख्यान चांगलं झालं. बंडखोरांची राजधानी पडली तेव्हा त्यांच्या सेनापतीने आपला चांगला घोडा नव्या राजाला, म्हणजे मेलेल्या पुढाऱ्याच्या मुलाला दिला, स्वतः थकलेल्या जनावरावर बसला आणि पकडला गेला, हे सांगताना खोलीत कोणी हललं नाही. मला ते सुखाचं वाटलं. बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते.

मग काकूंनी विचारलं, "तो दुसरा, आईच्या सुतकातून उठून आलेला. त्याचे वडील होते का तेव्हा?"

हा भाग मी टिपणांतून वगळला होता.

"होते. काही वर्षांनी गेले. तेव्हा तो आघाडीवर होता."

"मग?"

"घरी गेला."

"लढाई सोडून?"

"हो. परवानगीची वाटही पाहिली नाही. लोकांनी नावं ठेवली त्याला."

"ठेवू देत की," असं म्हणून काकू शिऱ्याच्या वाट्या आणायला आत गेल्या. मी शिरा खाल्ला.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जात तो ताईपर्यंत पोचला. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"ऐकलं तुझं. छान बोललास."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"समईपण लावलीस."

"ताई..."

"तो अधिकारी वडील गेल्यावर कोणाला न विचारता घरी गेला ना रे?"

"हो."

"तुला रजा मिळाली नाही, की तू मागितली नाहीस?"

"मागितली नाही."

तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "गुरुजी विचारतायत, दहाव्याला कोण बसणार. तू येतोस, की मीच बसू?"

"येतो."

रविवारी मी अर्ज दिला. माझ्या इजिप्शियन साहेबाने उभ्या उभ्या सही केली. "यल्ला, जा. मंगळवारीच का नाही सांगितलंस?" म्हणाला.

मी पोचलो तोवर ताईने अस्थी विसर्जित केल्या होत्या. दहाव्याला मी बसलो. आलेले नातेवाईक तिला बाजूला घेऊन माझ्याबद्दल विचारत होते, आणि ती प्रत्येकाला, मला ऐकू येईल अशा बेताने, शांतपणे सांगत होती, "त्याला रजाच मिळाली नाही हो." मी खाली मान घालून ऐकत होतो.

आता आम्ही आठवड्यातून एकदा बोलतो. तिची तब्येत, घरपट्टी, माझं जेवण. फोन मी करतो. ती स्वतःहून करत नाही. नात्यात अजूनही सगळे हेच धरून आहेत, की मला रजा मिळाली नव्हती. मी ते खोडलेलं नाही.