घरगाडीची वायरिंग

माझे बाबा वणीत ट्रकांची वायरिंग करायचे. कोळशाच्या खाणीतून निघालेल्या ट्रकाचा लाइट गेला, हॉर्न बसला, की तो आमच्या दुकानासमोर येऊन उभा राहायचा. साठी उलटली तेव्हा बाबांनी दुकान बंद केलं आणि एक जुनी बारा सीटांची गाडी घेतली. ती आधी लग्नाची वऱ्हाडं वाहायची. सीटा उसवलेल्या, मागची काच नाही. याडी, म्हणजे माझी आई, कपाळावर हात मारून म्हणाली, "हे भंगार कशाला आणलं?"

बाबांनी सीटा काढून पलंग बसवला. शेगडीसाठी ओटा केला, छताला दोन पंखे लावले, खिडक्यांवर छोटे दिवे लावले. या सगळ्यासाठी इंजिनापेक्षा वेगळी बॅटरी ठेवली. ते म्हणायचे, "आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलुखभर हिंडले. मी मात्र जन्मभर एका जागी बसून दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लावल्या." आम्ही त्या गाडीला घरगाडी म्हणू लागलो. पाऊस चांगला झाला की दोघं सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला जायचे. माहूरला जायचे. याडी कुरकुर करत निघायची, पण पडदे तिनेच शिवले होते, आरसे लावून, तांड्यातल्या बायका लावतात तसे.

मग बाबा विसरू लागले. आधी नावं गेली, मग बाजारातून घरी यायचा रस्ता गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आता वाढतच जाणार. हिंडणं बंद झालं. घरगाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिली. पण दुपारी बाबा तिच्यातच जाऊन पडायचे. घरात बेचैन असलेला माणूस तिथे पंख्याखाली शांत झोपायचा.

मी नागपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनल जोडते. आयटीआय केलं ते नंतर. वायर सोलायची कशी, पीळ द्यायचा कसा, हे मी बाबांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून शिकले होते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास याडीचा फोन आला.

"घरगाडीतला लाइट गेला. पंखाही फिरत नाही. उंदरांनी वायरी कुरतडल्या. तुझा बाप नुसता येरझारा घालतो, झोपत नाही. तू ये."

मी सुट्टी टाकून गेले. बाबा दारातच उभे होते. मला पाहून चेहरा उजळला.

"आवगी, बेटी?" आलीस का, म्हणून त्यांनी गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत विचारलं. आमच्या घरात गोरबोलीच चालते. दुकानात गिऱ्हाइकाशी बाबा वऱ्हाडी बोलायचे आणि उंबरठा ओलांडला की आमच्याशी गोरबोली. लहानपणी मला वाटायचं, चपला काढतात तसं ते बाहेरचं बोलणंही दारात काढून ठेवतात.

मी हातपाय धुऊन गाडीत शिरले. ओट्यामागची फळी काढली आणि टॉर्चचा उजेड आत टाकला. वायरींचा जुडगा लोंबत होता. मी एक टोक हातात घेतलं आणि तशीच बसून राहिले. उंदराने कुरतडलेली वायर मी शेकड्यांनी पाहिली आहे. तिच्यावर दातांचे ओरखडे असतात, खाली रबराचा चुरा पडतो, लेंड्या असतात. इथे काहीच नव्हतं. प्रत्येक वायर पकडीने सरळ, स्वच्छ तोडलेली होती. काही ठिकाणी तोडून, सोलून, पीळ देऊन भलत्याच वायरीला जोडली होती. तो पीळ मी ओळखत होते.

याडी चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"उंदीर नाहीत याडी."

तिने भाकरी उलटली. 

"मग काय सांगायचं होतं फोनवर?" ती म्हणाली. "साऱ्या वणीचे ट्रक ज्याने जोडले, तो आता स्वतःच्याच गाडीच्या वायरी तोडतो, असं सांगू? रोज दुपारी म्हणतो, फॉल्ट आहे, फॉल्ट सापडत नाही. पकड लपवली तर सुरी घेतो."

"मला तरी सांगायचं."

"तुला तर मुळीच नाही. तू त्याला मिस्त्री म्हणून पाहिलंस."

पुढचे काही दिवस मी त्या गाडीतच होते. बाबांनी दुकानातल्या उरलेल्या वायरींवर सगळं काम केलं होतं, त्यामुळे रंगावरून काही कळत नव्हतं. लाल कुठे पंख्याला गेली होती, कुठे ओट्यावरच्या नळाच्या छोट्या मोटरीला. कोणती कुठली, हे फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो माझ्या शेजारी पलंगावर बसून पाय हलवत होता. मी एकेक टोकाला चाचणीचा दिवा लावून तपासत गेले.

"बाबा, ही कुठे जाते?"

ते वायर हातात घेऊन निरखायचे. बोटांनी ती सरळ करायचे, सोलायचे, इतकी छान की आतला एक तंतू तुटायचा नाही. आणि मग ते टोक हातात धरून माझ्याकडे पाहायचे. हातांना सगळं येत होतं. पुढचं येत नव्हतं.

एका दुपारी मी डोक्याला रुमाल बांधून ओट्याखाली आडवी पडले होते. वरून बाबांचा आवाज आला.

"मिस्त्री, तुमचं गाव कोनतं जी?"

माझा हात थांबला. बाबा वऱ्हाडीत बोलत होते. मला "तुम्ही" म्हणत होते.

"इथलंच जी," मी खालूनच म्हणाले. उत्तरही वऱ्हाडीतच दिलं. का, ते मला सांगता येणार नाही.

"बाईमानसानं हे काम शिकलं, लय चांगलं केलं. माही पोरगीबी हेच करते. नागपूरले आहे."

"हो का?"

"हो ना. लय हुशार आहे. तिच्या हाताले फॉल्ट सापडतेच. मले आता सापडत नाई." मग जरा थांबून, "तिले बलावलं असतं, पन तिले सुट्टी भेटत नसन. तिच्या मांगं कायले लागा?"

मी ओट्याखालून बाहेर आले नाही. स्क्रू आधीच घट्ट बसला होता, तरी पिळत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

संध्याकाळच्या आत दिवे लागले. पंखा फिरला. बाबांनी टाळी वाजवली आणि याडीलाही वऱ्हाडीतच हाक मारली. "मिस्त्रीले चाय दे व. चांगलं काम केलं यायनं." याडी चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि परक्याला देतात तसा कप माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी गाडीत गेले तर पंख्याची वायर तुटलेली. बाबा घामाघूम होऊन फॉल्ट शोधत होते.

मी रागावले नाही. याडीला वाटलं होतं मी रागावेन. मी वणीच्या बाजारात गेले, पत्रा आणला आणि सगळ्या खऱ्या वायरी पत्र्यामागे दडवून तो पक्का ठोकला. मग एका फळीवर जुनी बटणं, होल्डर आणि बऱ्याचशा वायरी बसवल्या. ती फळी कशालाच जोडलेली नव्हती. बाबा दुपारी आले, फळी पाहिली, खाली बसले आणि कामाला लागले. तोडत होते, जोडत होते. ऊन उतरलं तेव्हा उठून म्हणाले, "आज नाई झालं. उद्या होते." डोक्यावर पंखा फिरत होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

ज्या माणसाने मला खरी वायर आणि मेलेली वायर यांतला फरक शिकवला, त्याला मी मेलेली वायर दिली होती. ते समाधानाने जेवले. 

दिवाळीनंतर मी पुन्हा सुट्टी काढली आणि आम्ही घरगाडी घेऊन महागावकडच्या आमच्या तांड्यावर गेलो. तिथे बाबांची थोरली बहीण राहते. मी चालवत होते, बाबा शेजारी बसले होते. आर्णी गेल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसू लागला. बाबा मला म्हणाले, "आरामात चालवा जी. काही घाई नाई."

तांड्यात गाडी थांबली तशी आत्या धावत आली. आमच्यात फार दिवसांनी भेटलं की बायका गळ्यात पडून सुरात रडतात. आत्या तशी रडू लागली. आणि बाबांनी तिला ओळखलं. तिच्या पाठीवर हात फिरवत ते गोरबोलीत बोलू लागले. आईबद्दल, बैलांबद्दल, नाल्यातल्या पाण्याबद्दल भरभरून बोलले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी दोन पावलं पुढे झाले. वाटलं, आता मलाही.

त्यांना आठवतं का ते पाहायला आत्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही कोण?"

बाबांनी वळून पाहिलं. हसले. "ड्रायव्हर आहे," ते गोरबोलीत म्हणाले. "चांगली पोरगी आहे. हिला आधी जेवायला वाढ."

आत्या त्यांना सांगायला निघाली. मी तिला मानेनेच नको म्हटलं. तिने मला पहिलं ताट वाढलं आणि मी जेवत असताना सारखी माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

थंडी वाढली तसा बाबांच्या छातीत कफ झाला. यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. श्वास लागायचा, बोलणं कमी झालं. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले. मी उशाशी होते. याडी खाली चहा आणायला गेली होती.

"काहून रडून राह्यल्या जी तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काही नाई."

"घरी कोन आहे तुमच्या?"

"आई आहे. बाबा आहेत."

"बाबा काय करते?"

"वायरिंग करतात. ट्रकांची."

 त्यांनी माझ्या हातावर हलकंसं थोपटलं.

"मंग जा ना घरी. वाट पाहत असन तो."

याडी चहा घेऊन आली तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. हे बोलणं मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.