कान नसलेला फेटा

तानिमू माझा मामेभाऊ. आमच्या गंदू गावात आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करायची असते, भर दरबारातसुद्धा, आणि समोरच्याने रागवायचे नसते. हा हक्क मी आयुष्यभर वसूल केला. तानिमूचे ओठ कायम निळे असायचे. राजाच्या फेट्याचे कापड निळीत बुडवून मोगरीने ठोकून चकाकवलेले असते, आणि बांधणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टोक दातांत धरावे लागते. "काय रे, शाई प्यायलास का बायकोनं चावलं?" असे मी रोज सकाळी विचारायचो. तो नुसता हसायचा. अर्धे आयुष्य तोंडात कापड धरून काढलेला माणूस बोलणार तरी काय!

ही विद्या त्याला बापाने शिकवली. आधी पालथ्या रांजणावर, मग घरातल्या धाकट्यांच्या डोक्यांवर. बाप गेला तसा हा राजवाड्यात लागला. रोज सकाळी खाविंदांचा, म्हणजे आमच्या राजाचा, सारकी जिब्रिल्लांचा फेटा बांधायचा, संध्याकाळी सोडायचा, कापड उन्हापासून जपायचे. बाकी बाजरी-ताकाचा फुरा प्यायचा आणि कोलाची कडू बी चघळत भिंतीला टेकून बसायचे. गंमत म्हणजे स्वतःचा फेटा त्याला कधी बांधता आला नाही. लग्नात तो मी बांधला, आणि मशिदीच्या दारातच सुटला. त्याची बायको लादी अजून ते काढून मला टोचते.

आमच्याकडे चार लोकांत वावरणारा प्रत्येक जण फेटा बांधतो, पण माथ्यावर सशासारखे दोन कान असतात ते फक्त गादीवरच्या राजाच्या फेट्याला. राजाला गादीवरून उतरवले की त्याचा फेटा सोडतात, कानांशिवाय पुन्हा बांधतात आणि त्याला गाडीत बसवून कुठल्या तरी लांबच्या गावी ठेवून देतात. खाविंदांच्या चुलत्यांचा असा फेटा तानिमूच्या बापाने बांधला होता. त्या दिवशी म्हातारा घरी आला आणि जेवलाच नाही. गावात 'कान उतरवले' म्हटले की त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो शेंबड्या पोरालाही समजतो.

मी खाविंदांच्या पुढे चालायचो आणि पायऱ्या पुकारायचो. "पुढं उंबरा आहे, खाविंद, सावकाश. डावीकडं दगड आहे, सावकाश." त्यांचे शहामृगाच्या पिसांचे जोडेही माझ्याच हातात असायचे. त्यामुळे सकाळी फेटा बांधताना त्या खोलीत आम्ही तिघेच असायचो.

तेव्हा आमच्या प्रांतावर निवडून आलेल्या गव्हर्नरच्या मनात खाविंदांविषयी अढी होती. निवडणुकीच्या वेळी खाविंद त्याच्या प्रचाराच्या मांडवात गेले नव्हते. त्याला त्यांना काढून त्यांचा चुलतभाऊ यारिमा दाहिरू याला गादीवर बसवायचे होते. तसा कायदा त्याच्या हातात होता, पण गाव हातात नव्हते. खाविंदांना हात लावला असता तर पोरे रस्त्यावर उतरली असती. म्हणून तो थांबला होता, आणि त्याचे ते थांबणेच मला भिववत होते.

अशात समुद्रापलीकडचा एक राजा आणि त्याची राणी सरकारी दौऱ्यावर येणार असे ठरले. त्यात आमच्या राजवाड्याची भेटही होती. घोड्यांच्या झुली बाहेर निघाल्या, दरबाराच्या खांबांना नवा रंग चढला. आणि नेमकी त्याच वेळी यारिमाच्या घराला सफेदी सुरू झाली. पाहुणे त्या वाटेने जाणारही नव्हते. मी तानिमूला ते दाखवले. त्याने पाहिले आणि मान खाली घातली.

गव्हर्नरच्या शिष्टाचार खात्यातून हाफिझू नावाचा एक बॅरिस्टर येऊ लागला. गोरागोमटा, अत्तर लावलेला, बोलणे लोण्यासारखे. तो नियम सांगायचा: पाहुण्यांपुढे हात आपण आधी करायचा नाही. त्यांच्याकडे पाठ करायची नाही. राणी जांभळ्या पोशाखात येणार, तेव्हा आपल्या बायकांनी जांभळे नेसायचे नाही. हे सगळे ठीकच होते, पाहुण्याचा मान असतो. जाता जाता, दारात जोडे घालताना तो म्हणाला, "आणि एक राहिलंच. पाहुण्या राजाच्या डोक्यापेक्षा कुणाचं डोकं उंच दिसायला नको, तिकडचा नियमच आहे तसा. खाविंदांच्या फेट्याला त्या दिवशी कान नकोत." हे म्हणताना तो खाविंदांकडे बघत नव्हता, तानिमूकडे बघत होता.

भेटीच्या सकाळी वाळवंटाकडून धूळ आली होती. सूर्य पिठात लोळल्यासारखा दिसत होता. तानिमूने पहिले वेढे घातले. टोक त्याच्या दातांत होते. खाविंद नेहमी त्या वेळी गप्प असायचे, पण त्या दिवशी बोलले.

"तानिमू, आज कान नकोत म्हणतात. तुझं काय म्हणणं?"

राजाने विचारले तर उत्तर द्यावेच लागते, आणि टोक सोडले तर ते जमिनीला लागते. जमिनीला लागलेले कापड त्या दिवशी राजाच्या डोक्यावर चढत नाही. मग त्याने टोक तोंडातून काढून माझ्या हातात दिले. मी जोडे काखेत मारले.

"खाविंद, असा फेटा माझ्या बापानं एकदाच बांधला होता. तुमच्या चुलत्यांना. लोक बघतील आणि समजतील, की झालं. मग खरंच व्हायला काय उरलं? नका बांधायला लावू मला."

त्याने एका दमात एवढे बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"मलाही ते कळतंय," खाविंद म्हणाले. "पण पाहुणा दारात आलाय. मी अडून बसलो तर पाहुण्याचा अपमान केला म्हणून आजच काढतील, त्याच्यासमोर. पाहुण्यानं माझ्या घरातलं भांडण बघायचं का? बांध."

तानिमूने टोक माझ्या हातातून घेतले, पुन्हा दातांत धरले आणि बांधले. फेटा सुंदर झाला होता. माथ्यावर मात्र काहीच नव्हते.

मी पायऱ्या पुकारत खाविंदांना दरबारात नेले. नगारखान्याच्या खाली बसलेली म्हातारी माणसे वर बघत आणि लगेच नजर खाली वळवत. एकाने हातातली जपमाळ मुठीत मिटली.

पाहुणा राजा म्हातारा, किडकिडीत, साध्या काळ्या कोटातला. खाविंदांनी आमच्या रीतीप्रमाणे मूठ उंचावून त्याचे स्वागत केले, त्यानेही हसून मूठ उंचावली. कुणी तरी त्याला नीट शिकवून आणले होते. राणीच्या डोक्यावर जांभळी टोपी होती आणि तिच्यावर पिसे, अशी लांब की दुभाष्याच्या नाकाला लागत होती. आमच्या फेट्याचे दोन्ही कान त्या पिसांच्या अर्ध्यावरसुद्धा आले नसते. तिथेच मला कळले की तिकडे असला काही नियमच नाही.

मग पाहुणा दुभाष्याच्या कानात काही तरी बोलला. दुभाषा चाचरत म्हणाला, "महाराज विचारतात, चित्रात आपल्या फेट्याला दोन सुंदर कान पाहिले होते. ते बघायची फार इच्छा होती. आज का नाहीत?"

हाफिझू छताकडे पाहू लागला. खाविंदांना हाफिझूकडे बोट दाखवता आले असते. ते म्हणाले, "त्यांना सांगा, आज उकाडा फार आहे." पाहुण्याने मान डोलावली, आणि फोटो काढले गेले.

पाहुण्यांचे विमान उडायच्या आत ते फोटो बाजारातल्या प्रत्येक फोनवर होते. दुपारची नमाज झाली आणि कातडी बाजारातली पोरे सोटे घेऊन राजवाड्यापुढे जमली. आमच्या राजाचे कान कुणी उतरवले, ते सांगा, म्हणत होती. पलीकडे चिंचांच्या सावलीत शिपायांचे ट्रक उभे होते. ते सकाळपासूनच तिथे होते. शिपाई खाली उतरून ओळीने उभे राहिले. कुणी ओरडत नव्हते, कुणी पुढेही येत नव्हते. वाट बघत होते ती फक्त पहिल्या दगडाची.

खाविंदांनी झरोक्यातून पाहिले. "हे त्यांना हवंच आहे," ते म्हणाले. "पोरं मरतील, आणि माझ्यामुळं मेली म्हणतील." मग म्हणाले, "कुणाची तरी चूक झाली असं कळलं, तर पोरं घरी जातील."

"माझी," तानिमू म्हणाला.

मी त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला, दरवाजाबाहेर गेला आणि घोड्यावर चढायच्या दगडावर उभा राहिला. "मी विसरलो," तो म्हणाला. आवाज लांब पोचेना, म्हणून पुन्हा म्हणाला. "घाईत होतो. कान उभे करायचे विसरलो. खाविंदांना आरसा दाखवला नाही. दुसरं काही नाही."

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एक जण हसला, एकाने शिवी दिली, एकाने चप्पल फेकली. ती त्याच्या छातीवर बसली. मग वाळू, मग आणखी चपला. पोरांचा सगळा राग त्या एका माणसावर निघाला, आणि संध्याकाळपर्यंत चौक मोकळा झाला. शिपाई हिरमुसले होऊन ट्रकमध्ये चढले.

पुढच्याच आठवड्यात रेडिओवर सांगितले की खाविंदांना काढले. कुणीही बाहेर आले नाही. गावाने तो दिवस आधीच पाहून घेतला होता. खाविंदांना कुठल्याशा नदीकाठच्या गावी नेले, भेटायला बंदी. आणि गावात बोलणे सुरू झाले, की तानिमूचा हात चुकला तिथूनच हा अपशकुन लागला. बाजारात त्याच्या सलामाला कुणी उत्तर देईना. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

माझ्याने राहवेना. मी खाटकांच्या कट्ट्यावर बसून सगळे खरे सांगितले, हाफिझूपासून चपलेपर्यंत. लोक पोट धरून हसले. "वा रे आतेभावा," म्हणाले, "आज थट्टेची रीत पालटलीस की काय, त्याला संत-वलीच करून टाकलंस!" मी शपथ घेतली तसे आणखी हसले. मामेभावाबद्दल मी खरे बोलेन, असे आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. तानिमूला हे कळले तेव्हा तो माझ्यावर चिडला, आयुष्यात पहिल्यांदा. "गप्प बस," म्हणाला. "पोरं अजून तीच आहेत, सोटेही तेच आहेत." लादीलाही त्याने काही सांगितले नव्हते. तीही विचारत नव्हती, जेवण वाढून आत जात होती.

यारिमा दाहिरू गादीवर बसला. शुक्रवारची नमाज सुटल्यावर तानिमूच्या गल्लीत ढोल वाजायला लागले. मी धावत गेलो. पुढे हाफिझू, मागे नव्या राजाचे चाकर, एकाच्या डोक्यावर तबक, तबकात पांढऱ्या रेशमी भरतकामाचा झगा. सगळी गल्ली दारादारांत उभी होती. तानिमू बाहेर आला. त्याच्या मागे उंबऱ्याच्या आत लादी उभी होती.

हाफिझू सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "जुन्या राजाचे कान ज्या हातांनी उतरवले, त्या हातांना नव्या राजाची ही भेट."

तानिमूने माझ्याकडे पाहिले. झगा नको म्हणायचे, तर का नको ते सांगावे लागले असते. कोपऱ्यावर कातडी बाजारातली पोरे उभी होती. त्याने निळे ओठ मिटले आणि मान वाकवली. हाफिझूने झगा त्याच्या अंगावर चढवला, खांद्यावरच्या चुण्या सारख्या केल्या, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

लादीने आतून दार लावून घेतले. कडी सरकल्याचा आवाज मला ढोलातूनही ऐकू आला. तानिमूने एकदा दारावर हात ठेवला, पण ठोठावले नाही. गल्ली रिकामी होईपर्यंत तो तो झगा घालून तिथेच उभा होता.