सरपंचांच्या गाडीची मान

माझे थोरले काका देवळातसुद्धा मान वाकवत नसत. हात जोडायचे, डोळे मिटायचे, पण मान ताठ. एके काळी ते आमच्या गावचे सरपंच होते. पुढे ग्रामपंचायत गेली, महापालिका आली, गावाचा वॉर्ड झाला. काका मात्र सरपंचच राहिले. आम्ही मुलं, वाडीतली माणसं, अगदी काकूसुद्धा त्यांना सरपंचच म्हणायची. काकू जरा वेगळ्या सुरात म्हणायची, एवढंच.

त्यांच्या लेटरहेडवर ‘माजी’ हा शब्द इतका बारीक छापलेला होता की तो वाचायला भिंग लागावं. गटार, दिवे, मोकाट कुत्री, सगळ्यांबद्दल ते अर्ज करत. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. मी ‘विनंती’ लिहिलं की लगेच खोडायला लावत. “विनंती कसली? ‘कळवण्यात येते’ लिही.”

आमची सोनचाफ्याची वाडी. फुलं विरारच्या व्यापाऱ्याकडे पोचवायची, तेवढ्यासाठी त्यांनी पिकअप घेतली. फुलांना एवढी मोठी गाडी कशाला, असं काकूने विचारलं, तर म्हणाले, “सरपंच काय रिक्षाने टोपल्या नेणार?”

गाडी अंगणात आली. काकूने ओवाळलं. सरपंच गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांचा चेहरा पडला. गाडीची मागची बाजू उंच होती आणि नाक खाली.

“ही कोणापुढे वाकलीय?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी गाडी चिंचोटीला हायवेवरच्या मिस्त्रीकडे गेली. सोबत मी. मिस्त्री शांत माणूस. म्हणाला, “शेठ, रिकामी पिकअप अशीच दिसते. मागे टनभर माल टाका, पाठ बसेल, गाडी आपोआप लेव्हलला येईल.”

“माझा माल चाफा आहे.”

“मग दगड टाका.”

सरपंचांना विनोद आवडला नाही. शेवटी मिस्त्रीने पुढच्या स्प्रिंगांवर दोन बोटं जाडीच्या लोखंडी चकत्या बसवल्या, चाकांचं अलाइनमेंट केलं आणि गाडीचं नाक वर आलं. “आता हेडलाइट खाली करू या,” तो म्हणाला, “नाक वर गेलं की उजेडही वर जातो.”

“दिवे खाली करायचे नाहीत. नजर समोर पाहिजे.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याचं बरोबर आहे हे मला कळत होतं. तरी मी जाऊन गाडीत बसले.

आमच्या समोरच्या घरात त्यांच्याच काळातले उपसरपंच राहायचे. रोज पहाटे गाडी सुरू झाली की त्यांची माडीवरची खोली लख्ख व्हायची. त्यांनी जाड पडदे लावले आणि नाक्यावर सांगत सुटले, “पाच वर्षांत पाडला नाही तो उजेड सरपंच आता पाडतायत!” हे कानावर आलं तेव्हा सरपंच आठवडाभर खुशीत होते. त्यांना ती स्तुती वाटली.

मग एका पहाटे आम्ही अर्नाळ्याला लग्नाची फुलं द्यायला निघालो. अजून फटफटलं नव्हतं. वळणावर समोरून रिक्षा आली, आमच्या उजेडात तिचा ड्रायव्हर दिपला आणि रिक्षा रस्ता सोडून खड्ड्यात कलंडली. ड्रायव्हर धडपडत बाहेर आला. मागे हिरामावशी होती, अर्नाळ्याची कोळीण. ती मनगट धरून चिखलात बसली होती आणि तिच्या पाट्यांतले बोंबील सगळीकडे पसरले होते.

“कोनाचे ते दिवे?” तिने विचारलं.

“माझे,” सरपंच म्हणाले.

“मग बगत काय ऱ्हायलास? उचल मासली!”

पांढऱ्या कपड्यांनिशी सरपंच खड्ड्यात उतरले, वाकले आणि एकेक बोंबील वेचू लागले. त्यांच्या मानेची मागची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हाताऱ्या माणसाची मान होती ती. सुरकुतलेली, बारीक.

मावशीचं मनगट मोडलं होतं. तिला प्लास्टर घालून, घरी पोचवून आम्ही परतलो, तशी त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. अर्ज पोलीस ठाण्याला होता. पहिल्याच ओळीत म्हणाले, “विनंती लिही.” मी चमकून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

हवालदाराने अर्ज दोनदा वाचला. “तक्रार कोणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध.”

“आणि तक्रारदार?”

“मीच.”

हवालदाराने अर्ज नीट घडी घालून परत दिला. “त्या बाईंची तक्रार नाही, रिक्षावाल्याची नाही. घरी जा काका, आणि आधी दिवे खाली करून घ्या.” त्याने काका म्हटलं. सरपंचांनी त्याला दुरुस्त केलं नाही.

त्याच दिवशी दिवे खाली झाले. दुसऱ्या पहाटेपासून सरपंच आधी अर्नाळ्याला जाऊ लागले. हिरामावशीला उचलता येत नव्हतं, म्हणून तिच्या आणि तिच्या शेजारणींच्या पाट्या, बर्फाच्या पेट्या ते स्वतः गाडीत चढवायचे आणि विरारच्या बाजारात उतरवायचे. चाफ्याच्या टोपल्या पुढे, माझ्या मांडीवर. एवढ्या वजनाने गाडीची पाठ बसली आणि नाक थेट आभाळाकडे लागलं. पुन्हा चिंचोटी. मिस्त्रीने चकत्या काढल्या. भरलेली गाडी पाण्याच्या रेषेसारखी सरळ उभी राहिली.

“मी सांगितलं होतं, शेठ.”

“हो. मी ऐकलं नाही,” सरपंच म्हणाले. मिस्त्रीपेक्षा मीच जास्त गोंधळले.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मावशी म्हणाली, “उद्यापासून नको येऊस, सरपंच.” सरपंच दुसऱ्या दिवशीही गेले. पुढेही जात राहिले, गेल्या पावसाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, तोपर्यंत.

सरपंचांच्या मुलाला, माझ्या चुलतभावाला, गाडी नको होती. गिऱ्हाईक ठरलं. आदल्या दिवशी मी ती साबणाने धुतली, तीनदा धुतली. हौद्याच्या सांध्यासांध्यांत खवले चिकटले होते, आणि त्यांच्यातच चाफ्याच्या सुकून काळ्या पडलेल्या पाकळ्या. नखाने काढल्या तेवढ्या निघाल्या.

गिऱ्हाईक आलं. त्याने हौद्यात डोकं घातलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. “ताई, हा वास जाईल ना?”

“नाही,” मी म्हटलं. “नाही जाणार.”