कप्तान वंदना

काल जवाहर चौकात एका दुकानासमोर मोठं लाकडी खोकं उघडत होते. कोऱ्या फळ्यांचा वास आला आणि मला बरखेड्यातलं आमचं कारखान्याचं क्वार्टर आठवलं.

क्वार्टरमागे कारखान्यातून टाकून दिलेलं तसंच एक खोकं होतं. मी, सलीम आणि शेजारची वंदना, तेरा वर्षांची आम्ही तिघं त्याला अंतराळयान म्हणायचो. कप्तान वंदना. एकदा ती आठवडाभर आलीच नाही. ती दुसऱ्या ब्लॉकच्या पोरांना फितूर झाली, असा आम्हाला संशय आला.

शेवटी आली, पण बाहेरच उभी राहिली.

"आत ये ना," मी म्हणालो.

"आई नको म्हणते."

"का?"

"सांगता येत नाही."

"सच बता, किससे मिल गई है तू?" सलीमने विचारलं. भांडताना आम्ही हिंदीवर यायचो.

तिने नुसता हात आत घालून फळीवर खडूने लिहिलेलं स्वतःचं नाव पुसलं आणि ती निघून गेली. खिडकीतून तिची आई आमच्याकडे रोखून बघत होती.

तो आठवडा मला कळला, तो माझी मुलगी वयात आली तेव्हा. वंदनाच्या आईला आमचा संशय होता, आम्हाला वंदनाचा. वंदना मात्र कुणालाच फितूर झालेली नव्हती.